घाटाची उतरण आणि कॅलिपरची पारख

जुन्या अमेरिकी मोटारींचे ब्रेक : ओळख, दुरुस्ती आणि पोलादपूरच्या घाटाचा धडा

महाड / पोलादपूर : महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरणारे वाहन सुमारे ४० किलोमीटरच्या अंतरात जवळजवळ १,३०० मीटर खाली येते. या उतारावर इंजिनाला फारसे काम नसते. खरी परीक्षा असते ती ब्रेकची. नवे वाहन बहुधा ही परीक्षा निमूटपणे उत्तीर्ण होते. परंतु हौसेने सांभाळलेली, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची अमेरिकी मोटार किंवा जुनी जीप या रस्त्यावर आणायची, तर तिच्या चाकामागे दडलेला ओतीव लोखंडाचा एक तुकडा, म्हणजेच ब्रेक कॅलिपर, नेमका कोणता आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे ठाऊक असणे केवळ हौसेचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न ठरतो.

महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके घाटांनी वेढलेले आहेत. पोलादपुरातून आंबेनळी घाट महाबळेश्वराकडे, तर कशेडी घाट खेडकडे जातो. महाडहून वरंध घाट भोरकडे चढतो. मुंबई-गोवा महामार्गावरील कशेडीचा त्रास बोगद्यामुळे बराच कमी झाला असला, तरी आंबेनळी आणि वरंध यांची वळणे आजही तशीच आहेत. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचा संबंध ब्रेकशी जोडण्याचे कारण नाही. मात्र या रस्त्यावर चुकीला जागा किती थोडी आहे, हे तिने सर्वांना दाखवून दिले.

उतरणीचे गणित

ब्रेक वाहनाची गती ‘नाहीशी’ करत नाही. तो तिचे उष्णतेत रूपांतर करतो. प्रवाशांसह १,५०० किलो वजनाची मोटार १,३०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे १९ मेगाज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. विजेच्या मीटरच्या भाषेत हे सव्वापाच युनिट होतात. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचे सुमारे ६५ लिटर पाणी उकळू लागेल. यातील काही वाटा वाऱ्याचा व टायरांचा विरोध उचलतो, काही वाटा खालच्या गिअरमध्ये इंजिन उचलते. उरलेली सारी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये, आणि त्यातही बहुतांशी पुढच्या दोन चाकांमध्ये, निर्माण होते.

ही उष्णता हवेत वेळेवर निघून गेली नाही, तर दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे ब्रेकच्या पॅडचे किंवा लायनरचे घर्षण कमी होते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसरी गोष्ट अधिक घातक. कॅलिपरमधील ब्रेक ऑइल तापून उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पेडल एकदम तळाला जाते आणि चालकाच्या पायाखाली काहीच उरत नाही. तासाभराने गाडी थंड झाल्यावर तेच पेडल पुन्हा ठणठणीत लागते. त्यामुळे ‘ब्रेक तर चांगले आहेत’ अशी समजूत होते आणि खरे कारण तसेच राहून जाते.

ड्रमपासून डिस्कपर्यंत

अमेरिकी मोटारींचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात क्रायसलर समूहाच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जुळवणी सुरू केली. त्याच काळात महिंद्र कंपनीने विलीज जीप भारतात आणली आणि पुढे ती इथल्या डोंगराळ तालुक्यांचे हक्काचे वाहन बनली. या साऱ्या गाड्यांना ड्रम ब्रेक होते. म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या आतून लायनर लावलेले दोन शू बाहेर दाबले जात.

ड्रमचा दोष असा, की त्यातील उष्णता डब्यातच कोंडते. ड्रम तापला की फुगतो, शूपासून दूर जातो आणि पेडल आणखी खाली जाते. पाणी शिरले तर ते लवकर निघत नाही. डिस्क ब्रेकमध्ये फिरणारी तबकडी उघडी असते. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमट्यासारखे धरतात. हा चिमटा म्हणजेच कॅलिपर. तबकडीला वारा लागतो, पाणी फेकले जाते आणि ती तापून जाड झाली तरी पॅडच्या जवळच येते, दूर जात नाही.

डिस्कची कल्पना इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्येच पेटंट करून ठेवली होती. १९५३ मध्ये जग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर ल मान्सची शर्यत जिंकली आणि १९५५ मध्ये सित्रोएनने आपल्या डीएस मोटारीला ते बसवले. अमेरिकेत १९४९ मध्ये क्रॉस्ली आणि क्रायसलर यांनी काही प्रयोग केले. पण तेथे डिस्कचा प्रसार झाला तो १९६० च्या दशकात. स्टुडबेकरची अव्हांती, त्यापाठोपाठ १९६५ ची शेव्हरोले कॉर्व्हेट आणि फोर्ड मस्टँग ही त्यातील ठळक नावे. कॉर्व्हेटला चारही चाकांना, तर मस्टँगला केवळ पुढच्या दोन चाकांना, तेही ग्राहकाने जादा पैसे मोजून मागितल्यास, डिस्क मिळत असे.

भारतात आयातीवरील निर्बंधांमुळे या पिढीतील अमेरिकी गाड्या फारच थोड्या आल्या. मात्र कॅलिपरचा प्रश्न तेवढ्यापुरता मर्यादित नाही. जुन्या जीपला अथवा ड्रम ब्रेकच्या जुन्या मोटारीला दुसऱ्या वाहनाचे डिस्क आणि कॅलिपर बसवण्याची पद्धत आज सर्रास आढळते. भंगार बाजारातून आणलेला कॅलिपर कोणत्या गाडीचा, कोणत्या बाजूचा आणि किती व्यासाच्या पिस्टनचा, हे न पाहताच तो बसवला जातो. म्हणून ओळख पटवणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय.

ओळख कशी पटवावी?

सर्वप्रथम कॅलिपरचा प्रकार पाहावा. ‘स्थिर’ कॅलिपर जागेवर पक्का बसवलेला असतो आणि तबकडीच्या दोन्ही बाजूंना त्याचे पिस्टन असतात. साठच्या दशकातील बहुतेक अमेरिकी कॅलिपर या जातीचे, चार पिस्टनचे, दोन अर्धे भाग बोल्टने जोडलेले असत. ‘सरकत्या’ कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच, म्हणजे आतल्या, बाजूस असतो. तो आतला पॅड तबकडीवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सारा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. फोर्डने १९६८ पासून आणि जनरल मोटर्सने १९६९ पासून बहुसंख्य गाड्यांना हा सोपा आणि स्वस्त प्रकार बसवला. कॉर्व्हेट मात्र १९८२ पर्यंत चार पिस्टनच्या कॅलिपरवरच राहिली.

दुसरी खूण म्हणजे बनावटकर्त्याचे चिन्ह. मोटारीवर फोर्ड किंवा शेव्हरोले असे नाव असले, तरी कॅलिपर बहुधा वेगळ्याच कारखान्याचा असे. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर ‘डेल्को मोरेन’ हे नाव, तर सुरुवातीच्या मस्टँगवर ‘केल्सी-हेज’ या कंपनीचे काम दिसते. क्रायसलरने तर एकाच काळात वेगवेगळ्या आकाराच्या गाड्यांसाठी बेंडिक्स, बड आणि केल्सी-हेज अशा तीन पुरवठादारांचे कॅलिपर वापरले. बाहेरून सारखे भासणारे हे भाग एकमेकांना लागत नाहीत. त्यांचे पॅड आणि रबरी किटही निराळे असतात.

तिसरी खूण म्हणजे ओतकामाचे आकडे. येथे एक गैरसमज हमखास होतो. लोखंडात उमटलेला आकडा हा साच्याचा क्रमांक असतो, सुट्या भागाचा क्रमांक नव्हे. एकाच साच्यातून निघालेला तुकडा वेगवेगळ्या व्यासाला कातून दोन निराळ्या गाड्यांना दिला गेल्याची उदाहरणे आहेत. फोर्डच्या क्रमांकातील पहिली चार अक्षरे मात्र बरेच काही सांगतात. ‘सी५झेडझेड’ असे असल्यास ‘सी’ म्हणजे साठचे दशक, ‘५’ म्हणजे त्यातील १९६५ हे वर्ष आणि पुढचा ‘झेड’ म्हणजे मस्टँग. जनरल मोटर्सच्या अनेक ओतीव भागांवर महिन्याचे अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा असतो. ‘सी १४ ७’ म्हणजे १४ मार्च आणि सातने संपणारे वर्ष. ते १९६७ की १९७७, हे मात्र इतर खुणांवरून ठरवावे लागते.

चौथी आणि सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे प्रत्यक्ष माप. व्हर्नियरने पिस्टनचा व्यास मोजावा. कॉर्व्हेटच्या पुढच्या कॅलिपरचे पिस्टन एक पूर्णांक सात अष्टमांश इंच, तर मागचे एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच व्यासाचे असतात. हा फरक उगाच ठेवलेला नाही. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते, म्हणून पुढच्या चाकांना अधिक दाब हवा असतो. मागे मोठ्या पिस्टनचा कॅलिपर बसवल्यास मागची चाके आधी जाम होतात आणि ओल्या वळणावर गाडीची शेपूट बाहेर पडते.

शेवटी डावा-उजवा पाहावा. हवा काढण्याचे निपल कॅलिपर बसवल्यावर सर्वांत वर आले पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे बसवला, तर निपल खाली येते आणि वरच्या भागातील हवा कितीही पेडल मारले तरी बाहेर पडत नाही. ‘तीन वेळा हवा काढली, तरी पेडल नरमच’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढेच कारण असते.

गंज कोठे चालतो, कोठे नाही?

दुरुस्तीत सर्वाधिक घोटाळा होतो तो गंज पाहताना. पिस्टनभोवतीचे रबरी सील दोन तऱ्हांनी बसवलेले असते आणि त्यावर पुढचा सारा निर्णय अवलंबून असतो.

बहुतेक सरकत्या कॅलिपरमध्ये चौकोनी काटछेदाचे सील सिलिंडरच्या भिंतीतील खाचेत बसते आणि पिस्टन त्यातून सरकतो. येथे तेल अडवणारा पृष्ठभाग पिस्टनचा असतो. त्यामुळे पिस्टनवर नखाला लागेल असा एकही खड्डा चालत नाही. पिस्टन नवाच घ्यावा. सिलिंडरच्या भिंतीवर मात्र किरकोळ डाग राहिले तरी गळती होत नाही, खाच तेवढी स्वच्छ हवी. हे सील आणखी एक काम करते. पिस्टन पुढे सरकताना ते किंचित पिळते आणि पेडल सोडताच मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. सील जुने व कडक झाले, की हे ओढणे थांबते, पॅड तबकडीला घासत राहतो आणि चाक विनाकारण तापते.

कॉर्व्हेटच्या चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये याच्या उलट आहे. तेथे ओठाच्या आकाराचे सील पिस्टनवर बसते आणि सिलिंडरच्या भिंतीवरून सरकते. साहजिकच तेल अडवणारा पृष्ठभाग भिंतीचा असतो. ओतीव लोखंडाच्या या भिंतीला गंजाचे खड्डे पडले, की कितीही नवी सीले घाला, गळती थांबत नाही. यावर जगभर रूढ झालेला उपाय म्हणजे सिलिंडर लेथवर किंवा बोअरिंग यंत्रावर मोठा कातून त्यात स्टेनलेस स्टीलचा स्लीव्ह दाबून बसवणे आणि तो पुन्हा मूळ मापाला आणणे. हे काम काटेकोर यंत्रशाळेतच व्हावे.

याच कॅलिपरचा दुसरा स्वभावदोषही लक्षात ठेवण्याजोगा आहे. तबकडी किंचित डगडगत फिरत असेल, तर पिस्टन सतत मागे-पुढे हलतात आणि ओठाच्या सीलमधून हवा आत शोषली जाते. बाहेर तेलाचा एक थेंबही दिसत नाही, पण पेडल नरम होत जाते. म्हणून तबकडीचा डगडग डायल गेजने तपासून तो साधारण पाच हजारांश इंचाच्या आत आणणे, हा कॅलिपर-दुरुस्तीचाच भाग समजावा.

प्रत्यक्ष दुरुस्ती

कॅलिपर खोलण्यापूर्वी त्याचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि एका वेळी एकाच बाजूचे काम करावे. दुसरी बाजू नमुना म्हणून उपयोगी पडते. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीत धरून धूळ हवेच्या झोताने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करून टाकावे.

अडकलेला पिस्टन काढण्यासाठी पकडीने ओढाताण करू नये. ब्रेकच्या नळीच्या तोंडातून कॉम्प्रेसरची हवा अगदी कमी दाबाने सोडावी आणि पिस्टनसमोर लाकडी ठोकळा ठेवावा. पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा सुटू शकतो. समोर बोटे ठेवणे म्हणजे ती गमावणे होय. सत्तरच्या दशकातील काही अमेरिकी गाड्यांत पिस्टन धातूचे नसून फिनॉलिक या कडक प्लास्टिकचे आहेत. ते लोखंडी हत्याराने टवके उडून निकामी होतात. सील काढतानाही लाकडी किंवा प्लास्टिकची काडी वापरावी. स्क्रूड्रायव्हरने खाचेला पडलेला ओरखडा पुढे कायमचा गळतो.

धुण्याच्या बाबतीत गॅरेजमधील सवय मोडावी लागते. पेट्रोल, रॉकेल वा डिझेलने हे भाग धुऊ नयेत. खनिज तेलाचा अंश राहिला, तरी ब्रेकचे रबर फुगते आणि काही दिवसांत पिस्टन अडकतो. ब्रेक क्लीनर, स्पिरिट किंवा स्वच्छ ब्रेक ऑइल हेच योग्य. गंज घासल्यानंतर बाहेरून रंग द्यायचा असल्यास पिस्टनचे घर, खाच, पिनांची भोके आणि पॅड टेकण्याच्या जागा झाकून घ्याव्यात. रंगाच्या थराने पॅड अडकून बसतो.

दोन अर्ध्या भागांचा कॅलिपर खोललाच, तर मधल्या तेलमार्गाचे रबरी कडे नवे घालावे आणि बोल्ट त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने आवळावेत. अंदाजाला येथे स्थान नाही. नवी सीले ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बोटाने बसवावीत आणि पिस्टन सरळ धरून हाताच्या दाबाने आत ढकलावा. तो हाताने जात नसेल तर काहीतरी चुकले आहे, असे समजून बाहेर काढावा. हातोडी घेऊ नये. सरकत्या कॅलिपरच्या पिना गंजमुक्त करून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. चेसिसचे साधे ग्रीस उष्णतेने वितळते आणि रबर खाते. एक पॅड पूर्ण झिजलेला आणि दुसरा जवळजवळ नवा असे दिसल्यास दोष बहुधा याच पिनांचा असतो. बाहेरून धडधाकट दिसणारी रबरी होज पाइप आतून सुजून तेल परत येऊ देत नाही. जुन्या गाडीत ती कॅलिपरबरोबरच बदलावी.

ड्रमवरून डिस्कवर येताना

जुन्या जीपला किंवा मोटारीला पुढे डिस्क बसवताना केवळ कॅलिपर बदलून भागत नाही. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक झडप असते. ती पेडल सोडल्यावरही नळ्यांत थोडा दाब शिल्लक ठेवते. ड्रमच्या स्प्रिंगा मजबूत असल्याने तेथे तो दाब चालतो. डिस्कला मात्र तशा स्प्रिंगा नसतात. तोच मास्टर सिलिंडर डिस्कला जोडला, तर पॅड सतत तबकडीवर टेकलेले राहतात. सपाट रस्त्यावर हे जाणवतही नाही; घाटात दहा-बारा किलोमीटर उतरल्यावर धूर निघतो तेव्हा कळते.

ड्रममध्ये फिरणारा डबाच शूला आत ओढून जोर वाढवतो. डिस्कमध्ये ही मदत नसते, त्यामुळे तिला अधिक दाब लागतो आणि जड गाडीत बूस्टरची गरज भासते. शिवाय पुढे डिस्क व मागे ड्रम अशी जोडी असल्यास मागचा दाब आवरणारी झडपही हवी.

याहून महत्त्वाचा मुद्दा मास्टर सिलिंडरच्या रचनेचा. जुन्या जीपमध्ये आणि साठच्या दशकाच्या पूर्वार्धातील बहुतेक अमेरिकी गाड्यांत तो एकाच कप्प्याचा असे. एका चाकाची नळी फुटली, की चारही चाकांचे ब्रेक जात. अमेरिकेत १९६७ च्या गाड्यांपासून दोन स्वतंत्र कप्प्यांची रचना सार्वत्रिक झाली. एक बाजू गेली तरी दुसरी उरते. घाटात फिरणाऱ्या जुन्या गाडीसाठी नवा चकचकीत कॅलिपर आणि दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर यांपैकी एकच निवडायचे असेल, तर दुसऱ्याला पसंती द्यावी.

वाहनात बदल करताना कायद्याचे भानही ठेवावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असे बदल परस्पर करता येत नाहीत. पन्नास वर्षांहून जुन्या, बिगर-व्यावसायिक वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यात वाहन मूळ स्वरूपात असणे ही अट आहे आणि ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे मूळ कॅलिपर ओळखून त्याचीच दुरुस्ती करणे, हे वाहनधारकाच्या हिताचे ठरते. बदल करायचाच असल्यास आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

कोकणचे पाणी आणि ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइल हे नावाने तेल असले, तरी नेहमीच्या वापरातील डॉट ३ व डॉट ४ ही ग्लायकॉल वर्गातील द्रव्ये आहेत आणि ती हवेतील ओलावा शोषून घेतात. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. घाटात तापलेल्या कॅलिपरच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो. शोषलेले पाणी उत्कलनबिंदू तर खाली आणतेच. शिवाय ते कॅलिपरच्या खोबणीत साचून आतून गंज चढवते.

महाड परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने हवा ओलीचिंब असते आणि हौशी मालकाची जुनी गाडी नेमकी याच काळात ताडपत्रीखाली उभी असते. न वापरलेला ब्रेक वापरलेल्या ब्रेकपेक्षा लवकर बिघडतो. म्हणून पावसाळा संपल्यावर ऑइल बदलण्याचा आणि कॅलिपर सरकतात की नाही हे पाहण्याचा परिपाठ ठेवावा. उघडून ठेवलेल्या बाटलीतील जुने ऑइल वापरू नये.

जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले आणि असंख्य वाहने बुडाली. अशा पुरात सापडलेल्या वाहनाचे इंजिन लोक आधी पाहतात, ब्रेक मात्र चालतात म्हणून सोडून देतात. वास्तविक ऑइलच्या डबीच्या झाकणातील बारीक छिद्रातून पाणी आत गेलेले असू शकते आणि पिनांच्या रबरी टोपणांत गाळ भरलेला असतो. पूर पाहिलेली जुनी गाडी विकत घेताना चारही कॅलिपर खोलून पाहिल्याशिवाय तिला घाटात नेऊ नये.

डॉट ५ हे सिलिकॉनचे द्रव्य पाणी शोषत नाही, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी काही हौशी मंडळी ते पसंत करतात. परंतु ते ग्लायकॉलच्या द्रव्यात मिसळता येत नाही. आधीचे सर्व रबर व ऑइल काढून टाकल्यावरच ते भरावे. डॉट ५.१ हे नाव सारखे असले, तरी ते पुन्हा ग्लायकॉलच्याच वर्गातले आहे, हे विसरू नये.

रस्त्यावर आणण्यापूर्वी

हवा काढण्याचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. साधारणतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. त्यानंतर पेडल जोराने दाबून काही मिनिटे धरावे. ते हळूहळू खाली बसत असेल, तर कोठेतरी गळती आहे. पेडल सोडल्यावर चाक उचलून हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले पाहिजे. नवे पॅड तबकडीशी जुळण्यासाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेगावरून अनेकदा ब्रेक लावून मध्ये गार होऊ द्यावे. परत आल्यावर चारही चाकांजवळची उष्णता लांबून पाहावी. डावे-उजवे चाक सारखे तापले, तर काम जमले. एकच चाक भाजत असेल, तर तो कॅलिपर पुन्हा खोलावा. हे सारे झाल्याखेरीज घाटाकडे तोंड करू नये.

घाटात उतरताना जुनीच शिकवण उपयोगी पडते : ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. अनेक अमेरिकी गाड्यांना स्वयंचलित गिअर असतात. त्यांत ‘ड्राइव्ह’वर गाडी सोडल्यास इंजिनाचा अटकाव फारसा मिळत नाही, उतार सुरू होण्यापूर्वीच दांडा ‘लो’वर आणावा. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणे म्हणजे सारी १९ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकच्या गळ्यात बांधणे होय. पेडलवर पाय सतत ठेवण्यापेक्षा ठाम ब्रेक लावून वेग कमी करावा आणि पाय काढावा, म्हणजे मधल्या वेळात तबकडीला वारा मिळतो. पेडल नरम लागू लागल्यास ते भराभर मारावे, खालचा गिअर घ्यावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी दरीकडे नव्हे, तर डोंगराच्या बाजूला घ्यावी. थांबल्यावर तापलेल्या तबकडीवर पाणी ओतू नये. तिला तडा जातो.

जुन्या मोटारीचे सौंदर्य तिच्या क्रोमच्या पट्ट्यांत आणि लांबलचक बॉनेटमध्ये पाहिले जाते. कॅलिपर चाकाआड असतो; प्रदर्शनात त्याला कोणी गुण देत नाही. परंतु आंबेनळीच्या उतारावर गाडी आणि तिच्यातील माणसे पोलादपुरात सुखरूप पोहोचतात ती त्याच्या भरवशावर. म्हणून जीर्णोद्धाराच्या खर्चाचा पहिला रुपया रंगावर नव्हे, तर ब्रेकवर पडला पाहिजे.